राखेलाही सिमितेरीत जागा द्या

गोव्यातल्या सगळ्या पॅरिशींचे विगार (मुख्य पाद्री), फाब्रिकांचे (चर्चची मालमत्ता पाहणाऱ्या मंडळांचे) पदाधिकारी आणि पॅरिश कौन्सिलांचे सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका रात्री साडेनऊच्या सुमाराला शेजारच्या वाड्यावरची एक बाई माझ्या दारात आली. नवरा इस्पितळात, डॉक्टरांनी आशा सोडलेली. खुर्चीच्या कडेवर टेकली, पाणी नको म्हणाली आणि एका दमात तीन प्रश्न विचारून मोकळी झाली. "टीचर, आपल्यात जाळलेलं चालतं? पाद्रीबाब मिस्सा करतात? आणि मग राख खंय दवरपाची?" ती माझ्याकडेच का आली, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या भागात हे सगळं केलेलं माझं एकच घर आहे.

पहिल्या दोन प्रश्नांना मी लगेच 'हो' म्हणाले. तिसऱ्याला, राख कुठे ठेवायची याला, माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मीच तो प्रश्न घेऊन पाच महिने फिरले होते. हे पत्र त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे : राखेला सिमितेरीत, म्हणजे आपल्या दफनभूमीत, जागा मिळावी.

मी मूळची वसईची. क्रुसाची खूण करायला शिकले ती मराठीतून, आणि आजही एकटी असले की प्रार्थना मराठीतूनच येते. लग्न होऊन बार्देशात आले त्याला एकतीस वर्षं झाली. इथल्याच एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या फाब्रिकेतल्या माणसांशी माझं भांडण नाही. माझ्या घरी दुःख होतं तेव्हा त्यांच्यातलेच दोघे रात्रभर अंगणात बसून होते. त्यांच्यासमोर नियम नव्हता, म्हणून त्यांनी जमेल तसं उत्तर दिलं. नियम कुणीतरी करायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझे यजमान तारवटी होते. वर्षातले नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी. घरी असले की संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्यांनी कधी चुकवला नाही. लाटांनी केबिन हलत असतानाही मणी ओढत बसायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात. हे आधीच सांगते, कारण पुढे त्यांच्या श्रद्धेबद्दल एक प्रश्न विचारला गेला आणि तो मला अजून सलतो.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांना आमच्या कुटुंबाच्या फोंडात पुरलं. चौथ्या वर्षी, जुलै महिन्यात, चुलत सासरे गेले. आपल्याकडची पद्धत तुम्हाला मी सांगायला नको. जागा थोडी, म्हणून तीनेक वर्षांनी तोच फोंड उघडायचा, जुनी हाडं काढून बाजूला ठेवायची आणि नव्या माणसाला जागा करायची. त्या दिवशी पावसाने झोडपलं होतं. खणेल तेवढं पाणी भरत होतं, दोन माणसं बादलीने उपसत होती. पेटीचं लाकूड केव्हाच विरघळलं होतं, पण पेटीच्या आतलं सॅटिनचं अस्तर जसंच्या तसं. सासूबाईंच्या अंगावर लग्नाकार्यात घालायचा त्यांचा नायलॉनचा झगा होता, तोही तसाच, फक्त मातीच्या रंगाचा झालेला. त्या झग्यामुळे आतलं सगळं मातीत मिसळलंच नव्हतं. माझ्या यजमानांनी छत्री बाजूला टाकली आणि खाली वाकून, खणणाऱ्या माणसाच्या हातातून आईची हाडं एकेक करून घेतली. ओली, काळपट. कुणीतरी आणलेल्या पांढऱ्या पिशवीत ती ठेवली. त्यांचा एकही शब्द आम्हाला ऐकू आला नाही.

दोन दिवस ते जेवायला बसायचे आणि उठायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्हाका फोंडांत घालूं नाका." मग माझ्यासाठी मराठीतून, सावकाश : मला आगीत द्या, आणि जी राख राहील ती आईशेजारी ठेवा. मुलाला पुन्हा कुणी त्या खड्ड्यात वाकायला लावू नका.

(वाचणाऱ्यांना हात जोडून एक विनंती. पुरणार असाल तर मेलेल्या माणसाला सुती कपडे घाला. नायलॉन, सॅटिन, प्लॅस्टिकची फुलं पेटीत नकोत. आपली जांभ्याची जमीन आणि आपला पाऊस आधीच मातीचं काम अवघड करतात.)

त्यानंतर बारा वर्षांनी, मार्चमध्ये, ते गेले. विगारांना मी सगळं सांगितलं. त्यांनी जराही खळखळ न करता देह चर्चमध्ये ठेवून पूर्ण मिस्सा केली, पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं, धूप दिला. पण चर्चच्या पायऱ्यांवर एका गृहस्थांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "पप्पाचो पुनरुत्थानाचेर विश्वास नासलो काय?" म्हणजे, मेलेली माणसं शेवटी देहासह पुन्हा उठतील यावर पप्पांचा विश्वास नव्हता का? मुलगा तेवीस वर्षांचा. तो नुसता बघत राहिला.

गावात दहनाची जागा हिंदू बांधवांची. त्यांच्या समितीने अर्ध्या तासात होकार दिला. शेजारच्या काकांनी स्वतः उभं राहून आंब्याची आणि काजूची लाकडं रचून घेतली आणि मग मला विचारलं, "वहिनी, तुमच्यात काय करायचं असतं ते सांगा, आम्ही बाजूला होतो." मी म्हणाले, बाजूला होऊ नका. मुलाने तेविसावं स्तोत्र वाचलं, आम्ही 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटलं आणि मुलानेच अग्नी दिला. विगार तिथवर आले नाहीत. यावं की नाही हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं, असं ते मला नंतर प्रामाणिकपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख गोळा करायला गेलो. मला वाटलं होतं चुलीतल्यासारखी राख असेल. तशी नसते. तिच्यात हाडांचे तुकडे असतात, हलके, पांढरे, किनाऱ्यावरच्या फुटक्या शिंपल्यांसारखे, आणि हातात घेतले की किणकिण वाजतात. घोट्याच्या जागी एक पट्टी आणि सहा स्क्रू मिळाले. बोटीच्या शिडीवरून पडले होते तेव्हा बसवलेले. मुलाने ते पुसून खिशात ठेवले. राखेसाठी म्हापशाच्या बाजारातून झाकणाचा स्टीलचा डबा आणला होता. भांडेवाल्याने सवयीने मशीन हातात घेत विचारलं, "नाव काय घालू?" मी नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली आणि दुसरी तारीख सांगितली, तेव्हा त्याने मान वर करून पाहिलं. मग अगदी हळू, सुबक अक्षरात कोरून दिलं आणि कोरण्याचे पैसे घेतले नाहीत. भरल्यावर तो डबा अडीच किलोच्या वर गेला. घरी येईपर्यंत मांडीवर तेवढं वजन होतं.

तो डबा घेऊन मी फाब्रिकेकडे गेले. एक म्हणाले, राख पुरायचा नियम कुठे आहे ते दाखवा. दुसरे म्हणाले, तुमच्या फोंडात दोन वर्षांपूर्वीच माणूस ठेवलेला आहे, मुदत भरल्याशिवाय उघडता येत नाही. खरं तर राखेला सहा फूट कुठे लागतात? हातभर खोल पुरे. तिसरे म्हणाले, तुम्हाला दिलं तर उद्या सगळे येतील. आणि एकाने अगदी आपुलकीने सुचवलं की शेजारी करतात तशी नदीत सोडून द्या, मोकळ्या व्हाल.

मोकळी कशी होणार? आमच्याच चर्चने ते मना केलं आहे. १५ ऑगस्ट २०१६ ही तारीख असलेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेलं व्हॅटिकनचं निर्देशपत्र मी शब्दन् शब्द वाचलं आहे. राख हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात विखरू नये. नातेवाइकांत वाटू नये. तिचे दागिने, आठवणीच्या वस्तू करू नयेत. सर्वसाधारणपणे घरात ठेवू नये. सिमितेरीत, चर्चमध्ये किंवा त्यासाठी राखलेल्या पवित्र जागी ठेवावी. का, तेही सांगितलं आहे. मेलेलं माणूस एका कुटुंबाचं खासगी दुःख होऊन कपाटात पडू नये, सगळ्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत राहावं, आणि आज रडणारी पिढी गेल्यावरही कुणी त्याला विसरू नये. मला हे पटतं. मनापासून पटतं. म्हणूनच पाच महिने तो डबा घरातल्या आल्तारीखाली, म्हणजे देव्हाऱ्याखाली, होता तेव्हा मला रोज अपराध्यासारखं वाटायचं. मी नियम मोडत होते, कारण नियम पाळायला मला जागा नव्हती.

ऑगस्टमध्ये नवे विगार आले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, दोन दिवसांनी निरोप पाठवला आणि छत्री धरून स्वतः आले. सासूबाईंच्या क्रुसाच्या पायथ्याशी हातभर खड्डा खणला, डबा ठेवला, प्रार्थना म्हटली. पंधरा मिनिटांचं काम. मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. पण ती एका माणसाची माया होती. विगारांची बदली होते. त्या रात्री आलेल्या बाईला मी काय सांगू, की नशिबाने भला विगार मिळाला तर होईल?

आता पहिल्या दोन प्रश्नांबद्दल थोडं लिहिते, कारण पायऱ्यांवरचा तो प्रश्न विचारणारे गृहस्थ एकटे नाहीत.

चर्चने दहनाला बंदी घातली होती हे खरं आहे. १८८६ मध्ये रोमहून तसा आदेश निघाला आणि १९१७ च्या चर्च-कायद्यात तो कायम झाला. दहन मागणाऱ्याला चर्चचा अंत्यविधीही नाकारला जायचा. पण त्या बंदीचं कारण आगीत नव्हतं, माणसांच्या हेतूत होतं. त्या काळात युरोपात, विशेषतः इटलीत, चर्चच्या विरोधातल्या मंडळींनी दहनाची चळवळ उभी केली होती. मिलानमध्ये १८७६ साली दहनगृह सुरू झालं. पुनरुत्थान वगैरे काही नसतं हे जगाला दाखवायला काहीजण मुद्दाम जाळून घेत. त्याला ते उत्तर होतं. तो हेतू मागे पडला तशी बंदीही गेली. १९६३ साली पोप सहावे पॉल यांच्या काळात परवानगी जाहीर झाली आणि १९८३ च्या कायद्याच्या ११७६ व्या कलमात ती आजच्या शब्दांत आली : दफनाची पुण्यशील चाल ठेवावी अशी चर्चची कळकळीची शिफारस आहे, दहनाला मनाई नाही, मात्र ते ख्रिस्ती शिकवणुकीविरुद्धच्या कारणासाठी निवडलेलं नसावं. म्हणजे माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा, यजमान गेले तेव्हा, ही परवानगी कितीतरी जुनी झालेली होती. ती आमच्या गावाच्या चर्चमधून कधी वाचून दाखवली गेल्याचं मला आठवत नाही.

प्रॉटेस्टंट मंडळींनी हा प्रश्न आधीच सोडवला. कॅंटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांचं १९४४ मध्ये दहन झालं आणि त्यांची राख कॅंटरबरीलाच पुरली. ऑर्थोडॉक्स चर्चं मात्र आजही दहनाला नकारच देतात. त्यांचा तो निर्णय, त्यांच्या श्रद्धेतून आलेला, आणि मी त्याचा मान राखते.

पुनरुत्थानाचं म्हणाल तर मी ईश्वरविद्या शिकलेली नाही. पण इ.स. १७७ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरातल्या ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह मारेकऱ्यांनी जाळले आणि राख ऱ्होन नदीत टाकली, ती एवढ्याचसाठी की हे लोक पुन्हा उठू नयेत. चर्चने त्या हुतात्म्यांना गमावलेलं मानलं का? उलट आजही त्यांचा सण होतो. बुडालेले तारवटी, वाघाने खाल्लेले, बॉम्बने उडालेले, यांच्यापैकी कुणालाही देव विसरणार नाही असं आम्ही लहानपणापासून शिकलो. मग आंब्याच्या लाकडावर ठेवलेल्या माणसापाशी देवाचा हात आखडेल? जुन्या करारात शौल राजाचा आणि त्याच्या मुलांचा देह याबेश-गिलादच्या लोकांनी जाळला आणि मग हाडं झाडाखाली पुरली. ते त्यांनी प्रेमाने केलं, आणि शत्रूच्या भिंतीवर टांगलेले ते देह आणायला रात्रभर चालून गेले होते. माझ्या यजमानांनी मागितलं ते नेमकं तेच, आग आणि मग माती. राखेच्या बुधवारी पाद्रीबाब आपल्या कपाळावर काय लावतात? आदल्या वर्षीच्या पवित्र झावळ्या जाळून केलेली राखच ना? आणि सांगतात की तू माती आहेस.

तरीही आपल्या लोकांचा जीव पुरण्यातच आहे, आणि तो का आहे हे मला कळतं. बाहेरून आले म्हणून जास्त कळतं कदाचित. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाची श्रद्धा एका देहाभोवती वाढली आहे. गोंयचो सायब, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर गेला, चुन्यात पुरला गेला, मलाक्काला नेला गेला आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यात पोचला. २०२४-२५ च्या शवप्रदर्शनात मीही जुन्या गोव्याला रांगेत उभी राहिले आणि चांदीच्या पेटीपुढे रडले. देह ठेवणं, देहाला भेटायला जाणं, त्याच्यापाशी मेणबत्ती लावणं ही आपली प्रार्थनेची रीत आहे. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, संध्याकाळी आमच्या सिमितेरीत जा. फोंडांवर झेंडूची फुलं, मेणबत्त्यांची रांग, परदेशातून सुट्टी काढून आलेली नातवंडं, आणि ज्या फोंडावर कुणीच आलेलं नाही तिथे शेजारच्या फोंडावरच्या बाईने लावलेली एक मेणबत्ती. हे मला मोडायचं नाही. माझ्या माणसाला याच्यात बसायला जागा हवी आहे.

दुसरं कारण जुनं आहे आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, काळात नव्या ख्रिस्ती घरांनी आपले शेजारी सोडून वेगळं दिसावं यासाठी काय काय मना केलं गेलं! १७३६ च्या आदेशात अंगणातली तुळस मना, धोतर-चोळी मना. 'आपण' आणि 'ते' यांच्यामधली रेघ रोजच्या गोष्टींनी ओढली गेली. त्या रेघेच्या पलीकडे चिता होती. इन्क्विझिशन १८१२ साली बंद झालं. पण जाळणं म्हणजे हिंदू होणं ही भीती अजून मनात आहे, आणि आमच्या पायऱ्यांवर ती पुनरुत्थानाचं नाव घेऊन बोलली. मी शेजाऱ्यांच्या जागेत, शेजाऱ्यांच्या मदतीने दहन केलं. मी एका केसानेही कमी ख्रिस्ती झाले नाही.

हे करणारे आम्ही पहिले नाही. व्यंगचित्रकार मारियो मिरांडा ११ डिसेंबर २०११ रोजी लोटलीला गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मडगावला त्यांचं दहन झालं. कोकण रेल्वे प्रत्यक्षात आणायला झटलेले जॉर्ज फर्नांडिस जानेवारी २०१९ मध्ये गेले तेव्हा दिल्लीत दहन झालं आणि राख पृथ्वीराज रोडच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरली. मोठ्या माणसांना वाट मिळते. आमच्यासारख्यांना फाब्रिकेच्या बाकावर बसावं लागतं.

आणि केरळातलं अलप्पुळा. जुलै २०२० मध्ये कोविडने माणसं जात होती. किनाऱ्यालगतच्या त्या भागात थोडं खणलं की पाणी लागतं, नियमाप्रमाणे खोल पुरणं जमेना. तिथल्या लॅटिन धर्मप्रांताने ठरवलं की देहांचं दहन पॅरिशच्या सिमितेरीतच करायचं आणि राखही तिथेच पुरायची. पाद्री हजर, प्रार्थना झाली, आणि माणूस आपल्याच लोकांत राहिला. आपल्याकडे खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल जमिनीच्या, काठाची गावं, जुलैतले फोंड, बादलीने उपसलेलं पाणी यात काय वेगळं आहे? तिथल्या बिशपांनी लोकांना कोड्यात टाकलं नाही, आपणहून निर्णय जाहीर केला.

जागा वाचते म्हणून सगळ्यांनी जाळून घ्या, असं मी म्हणत नाही. एका चितेला तीनशे ते पाचशे किलो लाकूड लागतं, त्यामुळे झाडांच्या नावानेही मी हे मागत नाही. आणि कुणावर दहन लादलं तर त्याविरुद्ध पहिली मी उभी राहीन. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने कोविडने गेलेल्या सर्वांचं दहनच होईल असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी मागे घेतलं, तेव्हा वसईत माझी आई रात्रभर जागी होती. बस्तरमध्ये एका ख्रिस्ती मुलाला वडिलांना स्वतःच्या गावात पुरता यावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये निकाल लागेपर्यंत देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात होता, दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली आणि शेवटी दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरावं लागलं. पुरायला मिळणं हा हक्क आहे आणि तो राखलाच पाहिजे. माझी मागणी त्याच्या आड येत नाही.

मागणी अशी. येत्या नोव्हेंबरमध्ये, लोक मेलेल्यांची आठवण काढायला येतात त्या दिवसांत, एका रविवारी प्रत्येक चर्चमध्ये ११७६ वं कलम आणि २०१६ चं निर्देशपत्र साध्या कोंकणीत, आणि जिथे मराठी लोक आहेत तिथे मराठीत, समजावून सांगा. पाच मिनिटं पुरतील. लोकांना कळू दे की मिस्सा होते, देह चर्चमध्ये येतो, पाद्री दहनाच्या जागीही प्रार्थना करू शकतात. म्हणजे पुढच्या घरातल्या मुलाला पायऱ्यांवर कुणी बाजूला घेणार नाही.

आणि प्रत्येक सिमितेरीत राखेसाठी भिंतीत कोनाडे करा. हातभर रुंद, हातभर खोल, पुढे दगड आणि दगडावर नाव. ज्या कुटुंबाचा स्वतःचा फोंड आहे त्याला क्रुसाच्या पायथ्याशी राख पुरायला मुदतीची अट लावू नका. ज्यांना कोनाडाही परवडत नाही, ज्यांचं इथे कुणी नाही, त्यांच्यासाठी एक सामायिक जागा असू दे. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने त्यालाही मुभा दिली आहे, प्रत्येकाचं नाव नोंदलेलं असलं म्हणजे झालं. मृत्यूच्या वहीत राख कुठे आहे ते लिहून ठेवा. आणि हात जोडून सांगते, या भिंतीत तरी गावकार (गावाचा मूळ हिस्सेदार) कोण, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला) कोण, बाहेरून आलेला कोण असं विचारू नका. दर एकच ठेवा आणि तो संगमरवरी फोंडांच्या हिशेबाने लावू नका. हजार दिलेल्यालाही तेवढाच दगड आणि काहीच न देऊ शकणाऱ्यालाही तेवढाच.

ते विचारायला आलेल्या बाईचा नवरा अजून आहे. काल मी इस्पितळात जाऊन आले. तो शुद्धीवर होता, माझा हात धरून म्हणाला, "टीचर, जागो मेळ्ळो?" मी म्हणाले, विचारते आहे.

आमच्या सिमितेरीची पश्चिमेची भिंत मी टेपने मोजली आहे. फाटकापासून विहिरीपर्यंत चौदा मीटर, सलग, तिच्यापुढे एकही फोंड नाही आणि पाऊस मागच्या बाजूने लागतो, पुढून नाही. त्या लांबीत चार ओळींत शंभराच्या वर कोनाडे बसतात. माझ्या मागच्या अंगणात जांभ्याचे सव्वादोनशे चिरे रचून ठेवलेले आहेत. यजमानांनी कुंपणासाठी आणले होते, कुंपण राहून गेलं. ते मी देते. गवंडी आमच्या वाड्यावरचाच आहे, त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. पावसाआधी काम व्हायचं असेल तर फाब्रिकेची बैठक या महिन्यात घ्या आणि मला बोलवा, मी मोजमापाचा कागद घेऊन येते.

आपली नम्र,
बार्देशातली एक निवृत्त मराठी शिक्षिका